झाड शिवणारी

४ मार्च

छोट्या,

पत्र मिळालं. फोन नको, लिहूनच बोलू, असं तू सुचवलंस ते बरं केलंस. फोनवर आपण दोघंही वकील होतो आणि आई मधल्या मधे आरोपीसारखी बसून राहते. कागदावर निदान एकाचं संपेपर्यंत दुसऱ्याला गप्प बसावं लागतं.

आईची नक्की अवस्था काय आहे ते 'भावना बाजूला ठेवून' कळव, असं लिहिलं आहेस. ठेवल्या बाजूला. तशाही त्या हल्ली फारशा हाताला लागत नाहीत.

दूध गॅसवर ठेवते आणि अंगणात जाऊन बसते. म्हणून आता मी कामाला निघताना गॅसची नळी बंद करून जाते. दिवसा तिला सांभाळायला कामाच्या मावशी येतात, त्या स्वभावाने शांत आहेत. आई त्यांना रोज नव्याने 'आपण कुठल्या?' विचारते आणि त्या रोज नव्याने सांगतात. मला ती कधी ताई म्हणते, कधी तिची वारलेली बहीण समजते. परवा मला म्हणाली, 'तू अजून लग्न का नाही केलंस गं?' मी म्हटलं, 'करू की, घाई काय आहे.' मला बावन्न पूर्ण झाली हे तुला आठवत असेलच.

शब्द जायला लागले आहेत. हे सगळ्यात वाईट. घड्याळाला 'ते टिकटिक', चष्म्याला 'माझे डोळे', फ्रिजला 'गार कपाट'. जिने सगळा जन्म छापखान्यात मुद्रितं तपासली, दुसऱ्यांच्या चुका लाल पेन्सिलीने पकडल्या, तिला स्वतःच्याच तोंडातला शब्द सापडत नाही. मग ती हात हवेत फिरवते आणि माझ्याकडे बघते. मी कधी कधी मुद्दाम लवकर सांगत नाही. वाटतं, सापडेल तिला. नाही सापडत.

आणि आता नवीन. तिला भास व्हायला लागले आहेत. खिडकीबाहेरच्या झाडापाशी कोणीतरी बाई येते म्हणते. 'ती शिवणारी आली. कंबर बघ कशी, आहे की नाही तेच कळत नाही. पाय लांबच लांब. मागे केवढा दोरा सोडलाय. झाडाला टाके घालतेय.' मावशी धावत खिडकीशी गेल्या, अंगणात चिटपाखरू नव्हतं. कुंपणाचं दार आतून लावलेलं. दोन-तीनदा झालं तसं मी डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी अगदी हळुवारपणे विचारलं, 'ती बाई तुमच्याशी काही बोलते का?' आई म्हणाली, 'तिला कामातून सवड कुठाय?' डॉक्टर हसले नाहीत. मला हसू आलं आणि लगेच रडूही आलं. त्यांनी एक नवी गोळी लिहून दिली, रात्री जेवणानंतर.

तू विचारलंस म्हणून लिहिलं. माझं म्हणशील तर ठीक आहे. कारखान्यात कवळ्यांचं काम साचलं आहे, सगळ्या म्हाताऱ्यांना एकदमच चावायचं असतं.

ताई


२२ मार्च

छोट्या,

तुझं लांबलचक पत्र आलं. वृद्धाश्रमाबद्दलची दोन पानं मी दोनदा वाचली. भास होणं ही 'पुढची पायरी' आहे, या पायरीवर घरी सांभाळणं 'दोघींवरही अन्याय' आहे. तुझं लिखाण नेहमीच व्यवस्थित असतं. कॉलेजातली पोरं उतरवून घेत असतील.

बाबा गेले तेव्हा दारात बूट घालता घालता तू म्हणाला होतास, 'ताई, तू आईला सांभाळत नाहीयेस, स्वतःला अडकवून घेतेयस.' तेव्हा मी तुझ्या तोंडावर दार लावलं. त्यानंतर तीन वर्षं आपण एकमेकांना वाढदिवसाचेही निरोप पाठवले नाहीत. आज तेच वाक्य तू जास्त सभ्य करून लिहिलं आहेस आणि मला रागसुद्धा येत नाही. राग यायला अंगात त्राण लागतं.

तर ऐक. मी गेल्या आठवड्यात तिथे जाऊन आले. तू पत्ता दिलास तिथेच. स्वच्छ आहे. फरशीला औषधाचा वास आहे, पण घाण दाबायला मारलेला नव्हे. बायका वऱ्हांड्यात ओळीने बसलेल्या असतात, एकीच्या मांडीवर लोकरीचा गुंडा होता आणि सुया नव्हत्या. व्यवस्थापिका समजूतदार वाटल्या. पुढल्या महिन्यात एक खोली रिकामी होते आहे. मी हो म्हणून आले.

वाच पुन्हा. हो म्हणून आले.

गोळीचा परिणाम झाला आहे. आई आता झाडाबद्दल काही बोलत नाही. खरं म्हणजे कशाबद्दलच बोलत नाही. सकाळी उठवावं लागतं, खुर्चीत बसवली की तिथेच मान टाकते. उजवा हात थरथरतो. तोंड कोरडं पडतं तिचं, आणि त्यामुळे कवळी बसत नाही. ही कवळी मी स्वतः केली आहे, सहा महिनेही झाले नाहीत. माप मी घेतलं, मेण मी बसवलं, दातांचा रंग तिच्या जुन्या फोटोवरून मी निवडला. अशी चपखल बसली होती की आई आरशासमोर उभी राहून सगळी बाराखडी म्हणाली होती. आता बोलताना ती खाली घसरते, खट् आवाज होतो, आणि ती गप्प होते. मी कारखान्यात नेऊन पुन्हा तपासली. कवळीत काही दोष नाही. ओल्या तोंडासाठी केलेली वस्तू कोरड्या तोंडात टिकत नाही, एवढंच.

डॉक्टरांना फोन केला. म्हणाले, सुरुवातीला असं होतं, थोडं थांबा.

आणि एक तुला सांगून टाकते, कारण तू समोर नाहीस. ती गप्प झाल्यावर मला पहिले दोन दिवस बरं वाटलं. घरात शांतता होती. मी कामावरून येऊन चप्पलसुद्धा न काढता पलंगावर आडवी झाले आणि कोणी हाक मारली नाही. तिसऱ्या दिवशी ती हाक मारत नाही हेच सहन होईना.

काल संध्याकाळी तिचे केस विंचरत होते तेव्हा ती फार सावकाश म्हणाली, 'आजकाल येत नाही ना ती?' मी म्हटलं, 'कोण?' तर म्हणाली, 'काही नाही.'

खोलीचं ठरलं की कळवीन.

ताई


३ एप्रिल

छोट्या,

हे पत्र सोबतच्या डबीआधी वाच. डबी उघडताना जपून, आत मेणाची वस्तू आहे.

रविवारी मी चादरी धुतल्या आणि मागच्या दोरीवर वाळत घालायला गेले. तुला ते झाड आठवतंय ना, आईच्या खिडकीला अगदी खेटून असलेलं? तुझ्या वेळी हिरवंगार होतं. हल्ली दोन वर्षं वरच्या फांद्यांना पालवी फुटत नाही, एका बाजूची साल सुटली आहे. मी चादर पिळून झटकली आणि झाडाच्या बुंध्यावरून काहीतरी उडालं. परत येऊन तिथेच बसलं.

मी घाबरले, खोटं कशाला सांगू. गांधीलमाशी असेल म्हणून दोन पावलं मागे झाले. मग नीट बघितलं.

अंग बोटाच्या दोन पेरांएवढं, तांबूस, त्यावर पिवळे पट्टे. कंबर इतकी बारीक की पुढचा आणि मागचा भाग जोडलेले आहेत यावर विश्वास बसेना. पाय लांबच लांब. आणि मागे दोरा. केसासारखा काळसर दोरा, तिच्या सगळ्या अंगाहून लांब. पुढच्या दोन मिशांनी ती सालीवर टकटक करत चालली होती, डॉक्टर छातीवर बोटं वाजवून बघतात तशी. एका ठिकाणी थांबली. मागचा भाग असा उंच उचलला की ती डोक्यावर उभी राहते की काय असं वाटलं. त्या दोऱ्याची कमान झाली आणि टोक सरळ खाली लाकडात. सुईसारखं. आणि ते आत जायला लागलं, छोट्या. लाकडात, केस! शेपटीपाशी एक पारदर्शक फुगा आला, साबणाच्या फेसासारखा. ती हलेना. माझी चादर मातीत पडली होती ते मला फार उशिरा कळलं.

ती झाडाला टाके घालत होती.

आईने सांगितलं होतं ते शब्दन् शब्द खरं होतं. तिला फक्त 'माशी' हा शब्द सापडला नव्हता. किडा, पाखरू, माशी, यातलं काहीच सापडलं नाही, म्हणून तिने 'शिवणारी' म्हटलं. आणि आम्ही सगळे अंगणात बाई शोधत बसलो. मावशींनी कुंपणापर्यंत पाहिलं. खिडकीपासून हातभर अंतरावरचा बुंधा कोणी बघितला नाही. मीही नाही.

मी आत धावले. आई खुर्चीत होती, मान एका बाजूला कललेली. मी म्हटलं, 'आई, ऊठ, ती आली आहे. शिवणारी. मला दिसली.'

मला वाटलं ती खूश होईल. म्हणेल, मग मी काय सांगत होते! तिने डोळे उघडले आणि म्हणाली, 'नाही गं. तसं काही नसतं. मला चुकीचं दिसतं आता. डॉक्टर म्हणाले ना.'

'आई, मी आत्ता बघितली.'

'तू दमली आहेस,' ती म्हणाली. 'जरा पड जा.'

छोट्या, त्या बाईच्या हाताखालून आयुष्यभर एक चूक कधी सुटली नाही. छापखान्याचे मालक छापलेला कागद घेऊन यायचे आणि म्हणायचे, बाईंनी बघितलंय ना, मग लावा मशिनला. तिला आम्ही पटवून दिलं की तुझे डोळे खोटे आहेत. गोळीने नव्हे, आम्ही पटवलं. आणि ते तिने ऐकलं, कारण आम्ही शहाणी माणसं.

मी तिला उठवलं. पायात चपला नाहीत, अंगावर घरातला गाऊन, तशीच काखेत हात घालून मागच्या दाराने नेली. माशी अजून तिथेच होती, अर्धा दोरा आत. आई झाडापाशी गेली. चष्मा नाकावर चढवला. तोंड इतकं जवळ नेलं की मी तिला मागे ओढणार होते. मग तिने बोट वर केलं आणि त्या माशीला न लावता, हवेतच, पहिल्यापासून शेवटपर्यंत फिरवलं, मुद्रित तपासताना ओळीखाली बोट फिरवायची ना, अगदी तसं.

'हीच,' ती म्हणाली. 'हिचा दोरा तिपेडी आहे बघ. मी मागे सांगायचं विसरले.'

मी वाकून बघितलं. खरंच तीन होते. मला एकच दिसला होता.

आता कामाचं. ही चावते का? हिचा तो दोरा म्हणजे नांगी आहे का? आईची खिडकी दिवसभर उघडी असते आणि शेजारचे म्हणतात जाळून टाका, औषध मारा. मी कोणाला हात लावू दिलेला नाही. मला चित्र काढता येत नाही, पण मेण माझ्या हाताला कळतं. कारखान्यात दुपारच्या सुट्टीत गुलाबी मेणात तिची प्रतिकृती केली, पाय आणि दोरे कवळीच्या बारीक तारेचे. रंग सोडला तर बाकी माप बरोबर आहे. कवळीच्या डबीतून पाठवते.

एक विचारते, उत्तर दिलं नाहीस तरी चालेल. तू कीटकांचा माणूस. झाडांचे रोग आणि त्यातले किडे शिकवतोस. मी ४ मार्चच्या पत्रात बारीक कंबर, लांब पाय, मागे दोरा, झाडाला टाके, सगळं जसंच्या तसं लिहिलं होतं. तुझ्या डोक्यात काहीच कसं वाजलं नाही?

ताई


१७ एप्रिल

छोट्या,

तुझं पत्र आईला मोठ्याने वाचून दाखवलं. ते कसं झालं ते आधी सांगते.

तू लिहिलं आहेस की ही गांधीलमाशीच्या लांबच्या नात्यातली, पण माणसाला काही म्हणजे काही करत नाही. तो दोरा नांगी नव्हे, भोक पाडायचं हत्यार आहे. लाकडाच्या आत दुसऱ्याच एका किड्याची अळी लाकूड पोखरत बसलेली असते, ही वरून टकटक करून तिचा माग काढते आणि बरोबर तिच्याजवळ अंडं घालते. मग हिचं पिल्लू ती अळी खातं. आईने मला मधेच थांबवलं. 'म्हणजे चूक आत असते आणि ही बाहेरून पकडते,' ती म्हणाली. मी म्हटलं, 'हो, तसंच.' ती समाधानाने मागे टेकली. 'मग ती आमच्यातलीच.'

हिला आपल्या भाषेत रुळलेलं नाव नाही, म्हणून तुम्ही आता वर्गात 'शिवणारी' म्हणता, हेही वाचलं. त्यावर तिने गाऊनची बटणं नीट लावून घेतली.

मग तिने पत्र माझ्या हातातून घेतलं. भिंग मागितलं. 'ते मोठं करणारं' म्हणाली, पण मला कळलं. पत्र वाचत गेली, ओठ हलवत, अर्धा तास तरी गेला असेल. एका ठिकाणी थांबली आणि पेन्सिल मागितली. लाल नव्हती, साधीच दिली. तू 'निरूपद्रवी' लिहिलं आहेस, 'रू' दीर्घ. तिने गोल केला आणि समासात लिहिलं, 'ऱ्हस्व'. अक्षर थरथरलेलं आहे, पण खूण अगदी छापखान्यातली. तो कागद सोबत परत पाठवते आहे, दुरुस्त करून घे.

त्यानंतर पत्र उलटंसुलटं करून म्हणाली, 'मुलगा हुशार दिसतो. कोणाचा आहे?'

हे मी गाळणार होते. गाळत नाही. तू मला खरं लिहिलंस, म्हणून मीही.

तू लिहिलंस, 'ताई, मी ते वाक्य वाचलं होतं. पण आईचं लक्षण म्हणून वाचलं. परीक्षेच्या पेपरात कोणी तसंच वर्णन लिहिलं असतं तर मी पूर्ण मार्क दिले असते.' या एका वाक्यावर मी तीन वर्षांचा हिशोब सोडून देते. तुझ्यावर उपकार म्हणून नव्हे, तर तेवढं ओझं आता उचलवत नाही म्हणून.

डॉक्टरांकडे गेले होते. भांडायचं ठरवून गेले होते, पण त्यांनी भांडायची संधीच दिली नाही. सगळं ऐकून घेतलं, तुझं पत्र वाचलं, मग म्हणाले, 'मला त्यांच्या खिडकीतून काय दिसतं ते माहीत नव्हतं. मी विचारायला हवं होतं.' गोळी एकदम थांबवायची नाही, हळूहळू कमी करायची. आता अर्ध्यावर आली आहे. हाताची थरथर कमी झाली, कवळी बसते. काल आईने मावशींना दम भरला की चहात साखर कमी आहे. मावशी म्हणाल्या, 'आल्या बाई, परत आल्या.'

पण छोट्या, गैरसमज नको. आई बरी झालेली नाही. होणारही नाही. माशी खरी होती म्हणून बाकीचं खोटं ठरत नाही. परवाच ती कपाट उघडून बाबांचे कपडे शोधत होती, त्यांना उशीर होतोय म्हणून. मावशींना ढकललं, त्यांच्या कोपराला लागलं. मी कामावरून येईपर्यंत दोघीही दोन खोल्यांत रडून बसल्या होत्या. मला एकीची समजूत काढून दुसरीकडे जायचं होतं आणि मी मधल्या दारातच खाली बसले. कितीतरी वेळ उठताच येईना. पायांत काही झालं नव्हतं. उठायचं कशाला ते आठवेना.

झाडाचं तू म्हणालास ते केलं. झाडतोड्याला बोलावलं, त्याने कुऱ्हाडीच्या मागच्या बाजूने ठोकून बघितलं. आतून पोकळ. वरचा सगळा भार आईच्या छपरावर झुकलेला आहे, एखाद्या वादळात खाली यायचा. येत्या आठवड्यात वरचं उतरवतो आहे. बुंधा मात्र माणसापेक्षा थोडा उंच ठेवायला सांगितला. तो म्हणाला, 'मेलेलं लाकूड ठेवून काय करणार?' मी म्हटलं, 'आईला बघायला लागतं.' 

वृद्धाश्रमातून निरोप होता, खोली तयार आहे. मी या वेळी नको म्हटलं आणि यादीत नाव राहू द्या म्हटलं. व्यवस्थापिका म्हणाल्या, बहुतेक जण असंच करतात.

आता शेवटचं, आणि हे लिहायला मला सगळ्यात जड जातंय. तू मला सल्ले दिलेस, पत्ते दिलेस, तज्ज्ञांची नावं दिलीस. त्यातलं काही चुकीचं होतं असं मी म्हणत नाही. पण मला त्यातलं काहीच नको होतं. मला झोप हवी आहे. एका रात्रीआड नाही, पाळी लावून नाही, कान उघडे ठेवून नाही. माझ्याकडून गेल्या महिन्यात एका माणसाच्या कवळीत खालचा दात वर बसवला गेला. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा. मालकांनी नुसतं माझ्याकडे बघितलं.

तुझ्या कॉलेजला मे महिन्यात सुट्टी असते. ये. ठरवायला नको, समजवायला नको. राहायला ये.

ताई


२१ मे

छोट्या,

हे पत्र माझ्याच पत्त्यावर टाकते आहे. पाकिटावर आपल्या घराचा पत्ता आणि त्यावर तुझं नाव लिहिताना हात थबकला. शेवटचं कधी लिहिलं होतं असं? तू शाळेत असताना असेल.

पोचले व्यवस्थित. कारखान्यात माझ्या शेजारी प्लास्टर ओतते ती, तिच्या बहिणीचं घर आहे हे. मला मागची खोली दिली आहे. एक पलंग, एक खुर्ची, भिंतीला टांगलेला आरसा, दाराला आतून कडी. कडी बघून मी किती वेळ तशीच उभी होते. आईमुळे आपल्या घरातल्या सगळ्या कड्या मी कधीच काढून टाकल्या आहेत.

तू आलास त्या दिवसाचं आपण बोललो नाही, म्हणून इथे लिहिते. तू दारात उभा, हातात बॅग, आणि आई म्हणाली, 'साहेब, कोण पाहिजे?' तू म्हणालास, 'मी इथे राहायला आलोय.' ती म्हणाली, 'मग आधी पाय धुवा.' तू न्हाणीघरात गेलास आणि नळ सोडलास. पाणी बराच वेळ वाहत होतं आणि पायांवर पडल्यासारखा आवाज येत नव्हता.  पाणी वाया गेलं तर गेलं.

दुसऱ्या दिवशी तुम्ही दोघं खिडकीशी बसलेले दिसलात. बुंध्यावर एकदम दोन आल्या होत्या. तू तिला काहीतरी समजावून सांगत होतास आणि ती तुला, आणि दोघांपैकी कोणीच दुसऱ्याचं ऐकत नव्हतं. मी बॅग भरली ती तेव्हा.

तुझ्या कालच्या पत्रातल्या प्रश्नांची उत्तरं. पाव गोळी अजून चालू आहे, रात्रीची, दुधातून नको, तिला चव कळते. मावशी नसताना आंघोळीला नेलीस तर आधी पाणी तिच्या हातावर घाल, मग अंगावर. कवळी रात्री पाण्यात ठेव, गरम पाण्यात ठेवू नकोस, वाकडी होते. तिने बाबांची वाट बघायला सुरुवात केली की ते गेले असं सांगू नकोस. मी सुरुवातीला सांगायचे. दर वेळी तिला नव्याने कळतं. आणि तू लिहिलंस की तिने तुला एक चापट मारली आणि मग तुझाच गाल कुरवाळला. होय, तसं असतं. यावर माझ्याकडे काही उपाय नाही.

पुढचं काय, असं तू हळूच विचारलं आहेस. मला माहीत नाही. यादीत नाव आहे. कधीतरी ती खोली घ्यावी लागेल असं मला वाटतं, आणि तेव्हा मी तुला दोष देणार नाही, तूही मला देऊ नकोस. पण ते आपण तिच्याशेजारी बसून ठरवू, कागदावरून नाही. तोवर तू आहेस तिथे राहा. सुट्टी संपेपर्यंत.

इथे मी झोपते. सकाळी चहा घेते आणि परत झोपते. यजमानीण बाई दारावरून जाताना चपला हातात घेते, मी पाहिलंय. पहिल्या दिवशी संध्याकाळी जागी झाले तर कुठे आहे तेच कळेना, आणि कोणाला हाक मारावी तेही. असं घाबरायला झालं! मग वाटलं, आईला रोजच असं वाटत असेल. उठून तोंड धुतलं, थोडं खाल्लं, पुन्हा पडले. थकवा अजून उतरलेला नाही. मला वाटलं होतं दोन-तीन दिवसांत उतरेल. तो बहुधा बसायला आलेला पाहुणा नाहीये, राहायलाच आलाय.

तू लिहिलंस की रोज दिवेलागणीला ती दारापाशी जाऊन उभी राहते आणि विचारते, 'ताई कुठाय?' माझं नाव घेते याने मला काय झालं ते लिहीत नाही. तू तिला कामावर गेलीय म्हणतोस, तर ती उशीर झाला म्हणून जेवत नाही. गावाला गेलीय म्हणतोस, तर ती चपला शोधते. काय सांगू, असं तू विचारलं आहेस.

सांग, ताई झोपली आहे.

ते खरंच आहे. आणि हे ऐकलं की ती काय करेल ते मला इथून दिसतंय. ती ओठांवर बोट ठेवेल, पाय न वाजवता आत येईल आणि तुलाच दटावेल, 'मग हळू बोला ना. किती दिवसांनी पडलीय ती.'

ताई